बांधालगतचा मुरूम गेला तेव्हा

आखाजी (अक्षय तृतीया) झाल्यावर चार दिवसांनी नाना वावरात गेले आणि तिथूनच फोन, "आपलं वावर खंदी टाकं रे भाऊ!" मी पोचलो तर बांधाच्या आत हा एवढा खड्डा, कडेला जेसीबीच्या दातांचे ताजे ओरखडे, वरची वीतभर काळी माती बाजूला लोटलेली अन् खालचा मुरूम गायब. शेजारच्या गटातून रस्त्याच्या कामाला मुरूम काढायची परवानगी होती, ठेकेदाराची माणसं रात्रीतून बांध ओलांडून आमच्यात शिरली. जाब विचारला तर म्हणे, हद्द तुमची कशावरून?

सगळे म्हणत होते खड्डा बुजव, पेरणी तोंडावर आहे. पण भाऊबंदातले एक रिटायर सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी आहेत, ते म्हणाले मातीला हात लावू नको, आधी लेखी तक्रार दे आणि पोच घे, कारण गौण खनिज, म्हणजे हा मुरूम, तुझ्या गटातून गेलंय, तू गप्प राहिलास तर नोटीस तुलाच येईल अन् दंडाचा बोजा तुझ्याच सातबाऱ्यावर चढेल. हे ऐकून मला घामच फुटला. चोरी आमच्याकडे आणि दंडही आम्हालाच!

त्याच दिवशी तहसीलला अर्ज दिला. तलाठी अन् सर्कल आले, पंचांसमोर टेप लावला, ६० बाय ४० फूट, खोली सरासरी ५ फूट, म्हणजे १२,००० घनफूट, १०० घनफुटाचा एक ब्रास धरून १२० ब्रास. पंचनाम्यात हा आकडा आलाच पाहिजे, नुसतं 'खड्डा दिसून आला' असं लिहिलं तर पुढे हातात काही राहत नाही, आणि पाऊस पडला की कडा ढासळून माप जातं. पोलीस म्हणाले महसूलकडे जा. खरं तर जमिनीतून सुटी केलेली माती नेली तर ती चोरीच होते, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ आहे, तेही अर्जात घातलं.

हद्दीचं भांडण मिटवायला तातडीची फी भरून हद्द कायम मोजणी आणली. क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली, खड्डा पूर्ण आमच्याच गटात, तेव्हा ठेकेदाराचा आवाज बदलला.

महसूल अधिनियमाच्या कलम ४८(७) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि तो त्याला झालाही, पण तो पैसा सरकारजमा होतो, शेतकऱ्याला त्यातला रुपया मिळत नाही, हे आम्हाला शेवटी कळलं. नुकसानभरपाईला वेगळा दिवाणी दावा. वकिलांनी किती वर्षं लागतील ते सांगितल्यावर नाना म्हणाले, मना हयातीत व्हई का ते? मग स्टॅम्पवर तडजोड केली, खड्डा धरणाच्या गाळाने भरून द्यायचा आणि त्या पट्ट्यातल्या दोन हंगामांच्या कापसाचे पैसे द्यायचे.

गाळ पडला, पैसेही आले. पण भरावाची जमीन अजून दबतेय, पाऊस झाला की तिथे पाणी साचतं आणि कापूस पिवळा पडतो.