नुसते ‘ठीक आहे’

“ताई, तू माझ्यावर चिडली आहेस का?” धाकट्या बहिणीने आज फोनवर विचारले, तेव्हा तिचा आवाज कापत होता. तिने भरल्या वांग्यांचा फोटो पाठवला होता आणि मी गडबडीत नुसते ‘ठीक आहे’ लिहिले होते. तेवढ्यावरून तिने पातेले तसेच ओट्यावर झाकून ठेवले, घासही घेतला नाही.

तिला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार आहे. (तिला विचारूनच लिहिते आहे.) १९८० साली मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत समाविष्ट झालेल्या या विकारात नकाराची चाहूल फार तीव्रतेने जाणवते आणि पुष्कळदा तटस्थ चेहराही रागावलेला भासतो, हे मी वाचले होते, परंतु माझे दोन कोरडे शब्द तिला शिक्षेसारखे लागतील, हे मात्र उमगले नव्हते.

परवा ‘छान’ म्हटले, तेव्हा ती दिवसभर गुणगुणत होती. आपल्या माणसाशी बोलताना आपण शब्दांची एवढी काटकसर का करतो?