चिडिंगस्टोनचं लाकडी दुकान

लंडनला आलेले पाहुणे हिवर कॅसल बघतात, आठव्या हेन्रीची राणी अ‍ॅन बोलिन हिचं माहेर म्हणून फोटो काढतात आणि माघारी फिरतात. तिथून शेतांमधल्या पायवाटेने तीनेक किलोमीटर चाललं की चिडिंगस्टोन लागतं. केंटमधलं हे एका गल्लीचं गाव. एका बाजूला सेंट मेरीचं चर्च, समोर जुन्या लाकडी घरांची रांग आणि त्या रांगेतच गावचं दुकान. आमच्याकडे कोणी आलं की मी त्यांना आधी इथे आणते, किल्ला नंतर.

१४५३ च्या एका दस्तात या दुकानाच्या वास्तूचा उल्लेख आहे आणि १५१७ मध्ये ती अ‍ॅनच्या वडिलांनी, सर थॉमस बोलिन यांनी घेतली, असं सांगतात. ‘ब्रिटनमधलं सगळ्यांत जुनं चालू दुकान’ हा दावाही पाठोपाठ येतोच. असे दावे इंग्लंडात दर दुसऱ्या पबच्या भिंतीवर टांगलेले असतात, त्यामुळे ते मी फारसे मनावर घेत नाही. बघायचं ते लाकूड.

केंट-ससेक्सच्या या पट्ट्याला वील्ड म्हणतात. एकेकाळी इथे ओकचं दाट रान होतं. सुतार ओक ओला असतानाच घडवत, कारण वाळला की तो पटाशीला दाद देत नाही. सगळा सांगाडा आधी जमिनीवर आडवा जुळवायचा, सांध्यासांध्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरायच्या (पटाशीने गोलाई काढत बसायला वेळ कोणाला?), मग तो सुटा करून जागेवर न्यायचा आणि उभा करायचा. या सांध्यांना लोखंडी खिळा लागत नाही. एका लाकडाचं कुसू, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ, दुसऱ्याच्या भोकात बसतं आणि आरपार ओकची खुंटी. खरी हुशारी त्या खुंटीच्या भोकात आहे. कुसवातलं भोक बाहेरच्या लाकडातल्या भोकापेक्षा मुद्दाम किंचित सरकवून पाडलेलं असतं, त्यामुळे खुंटी ठोकली की सांधा आपोआप आत ओढला जातो. घर उभं राहिल्यावरही ओक वर्षानुवर्षं वाळतो, पिळवटतो, चिरतो. म्हणून असल्या घरांत सरळ रेघ शोधून सापडत नाही. तडे बघून पाहुणे घाबरतात, पण बहुतेक तडे नुसते वाळल्याचे असतात.

खांबांमधले गाळे कुडाचे. उभ्या ओकच्या काठ्या, त्यांत विणलेल्या हेझल नावाच्या झुडपाच्या फोका, वरून माती, शेण आणि पेंढ्याचं लिंपण, मग चुन्याचा हात. कोकणात माझ्या आजोळी मागची पडवी अशीच होती, फक्त तिथे कारवी होती.

रांगेतल्या काही घरांचा वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला दिसतो. शहरात जागेची मारामारी म्हणून हे पटतं, पण मोकळ्या खेड्यात कशाला? थोडा मिरवण्याचा भाग असणारच. शिवाय तुळयांची टोकं भिंतीबाहेर काढून त्यांवर वरच्या भिंतीचं वजन टाकलं की आतली जमीन मधे कमी झोळते. काळं लाकूड आणि पांढरी भिंत हा पोस्टकार्डावरचा थाट मात्र बऱ्याच ठिकाणी व्हिक्टोरियन काळातल्या हौसेचा. उघडा ठेवलेला ओक चंदेरी-राखाडी होतो आणि मला तरी तोच जास्त आवडतो.

१९३९ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने गावाचा मोठा भाग विकत घेतला, म्हणून ही रांग अजून सलग आहे. नाहीतर विसाव्या शतकात अशा घरांना लोकांनी भरवशाने सिमेंट फासलं. सिमेंटमागे पाणी अडकतं आणि आतला ओक गपचूप कुजतो. चुना पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे जाणते कारागीर आता चुन्याकडेच वळलेत. खांबाचं बूड कुजलं तर तेवढंच कापून नव्या ओकचा तुकडा सांधतात. गल्लीतून फिरताना खांबांच्या पायाशी असे जोड शोधत जा, मजा येते.

लंडन ब्रिजहून गाडीने हिवर स्टेशनला उतरायचं आणि तिथून चालत. पाऊस झाला असेल तर जाड तळव्याचे बूट घाला, इथली माती चिकट आहे.