दिवाळीचा बाजार पितृपक्षातच उभा राहतो

गणपती गेले की पंधरा दिवस बाजार थंड. पितृपक्षात सोनं नको, कपडा नको, गाडी नको. गल्ल्यावरचा माणूस जांभया देत बसतो. पेठेच्या व्यापारी मंडळासाठी मात्र वर्षातले सगळ्यात कामाचे दिवस हेच. वायरमन मोकळा असतो, काटे दुरुस्त करणारा मोकळा असतो, आणि मुख्य म्हणजे बैठकीला बोलावलं तर दुकानदार येतो. घटस्थापना झाली की यातलं एकही माणूस हाताला लागत नाही. तरी बऱ्याच मंडळांची दिवाळीची बैठक दसऱ्यानंतर होते. रोषणाईची वर्गणी आणि सत्काराचे पाहुणे ठरतात, चहा होतो, लोक उठतात. खरी कामं तशीच राहतात.

पहिलं काम काट्यांचं. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी लागते. लोखंडी वजनं, तराजू आणि कापडवाल्यांची मीटरपट्टी यांची २४ महिन्यांनी. शिक्क्यात वर्ष असतं आणि तिमाहीचं अक्षर असतं: ए, बी, सी किंवा डी. दुकानदार प्रमाणपत्र फ्रेम करून देवाच्या फोटोशेजारी लावतो आणि तारीख विसरतो. मंडळाने एक वही घालावी: दुकान, काट्याचा मेक, अनुक्रमांक, कमाल क्षमता, शिक्क्याची तिमाही. चाळीस दुकानांची यादी दोन संध्याकाळीत होते. मग ज्यांची मुदत दिवाळीच्या आत संपते त्यांची यादी जोडून वैधमापन शास्त्र (म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या खात्याच्या) निरीक्षकांच्या कार्यालयाला पत्र द्यायचं आणि पेठेतच शिबिर मागायचं. मंडळाने द्यायचं ते एवढंच: सपाट फरशीचा हॉल, न हलणारी टेबलं, पुरेसे प्लग आणि बंद ठेवता येणारे पंखे. पंख्याचं हसू नका. वाऱ्याने हलक्या काट्यावर ग्रॅम नाचतात आणि चांगला काटा नापास दिसतो.

क्रम मात्र उलटा करू नका. आधी परवानाधारक दुरुस्तीवाल्याने काटा उघडून साफ करायचा, जुळवायचा. नंतर निरीक्षकांची पडताळणी आणि शिक्का. शिक्का बसल्यावर कुणी 'जरा बॅटरी बदलतो' म्हणून सील तोडलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. सरकारी फी पावतीने जाते, दुरुस्तीवाल्याची मजुरी वेगळी. दोन्ही आकडे हॉलच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवले की 'मंडळाने मध्ये किती खाल्ले' ही कुजबुज सुरूच होत नाही.

काटा घरच्या घरी तपासायचा तर त्याच्या पट्टीवरचे तीन शब्द वाचता यायला हवेत: मॅक्स (जास्तीत जास्त वजन), मिन (कमीत कमी वजन) आणि ई (पडताळणीसाठी धरलेला वजनाचा एक टप्पा). किराणा दुकानात सर्रास दिसणारा ३० किलोचा काटा घ्या. ई पाच ग्रॅम असेल तर दुकानी वापराच्या त्या वर्गाच्या (वर्ग तीन) काट्यावर किमान तोल शंभर ग्रॅमचा. म्हणजे पन्नास ग्रॅम वेलदोडे त्यावर तोलणं गिऱ्हाइकालाही बरं नाही आणि दुकानदारालाही. त्यासाठी छोटा काटा वेगळा ठेवावा. पडताळणीच्या वेळी अडीच किलोपर्यंत अडीच ग्रॅम, दहा किलोपर्यंत पाच ग्रॅम आणि त्यावर साडेसात ग्रॅम एवढाच फरक चालतो. आता दहा किलोचं प्रमाणित वजन आळीपाळीने चारही कोपऱ्यांत ठेवा. एका कोपऱ्यात आकडा वेगळा आला तर लोडसेल (काट्यातला वजन ओळखणारा भाग) गेलाय किंवा तळाचा पाय वर-खाली आहे. लोडसेल जाण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: साखरेचं पन्नास किलोचं पोतं उतरवताना पोरगा ते 'जरा टेकवतो' आणि टेकवतो नेमकं काट्यावर. मंडळाच्या कार्यालयात शिक्क्याची एक, पाच आणि दहा किलोची वजनं ठेवली की कुणीही येऊन नेऊ शकतो. या खरेदीइतका वसूल होणारा दुसरा खर्च मंडळाच्या हिशेबात सापडणार नाही.

मिठाईवाल्यांशी वेगळं बोलावं लागतं, कारण इथे काटा बरोबर असूनही तोल चुकतो. पुठ्ठ्याचा किलोचा डबा सत्तर-ऐंशी ग्रॅम सहज भरतो. आठशे रुपये किलोची मिठाई डब्यासकट तोलली तर ऐंशी ग्रॅमचे चौसष्ट रुपये गिऱ्हाईक पुठ्ठ्याला मोजतं. रिकामा डबा ठेवून 'टेअर' (डब्याचं वजन वजा करणारं बटण) दाबायला दोन सेकंद लागतात. सुट्या मिठाईच्या ट्रेवर 'कधीपर्यंत खावी' ती तारीख लिहिणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. ती पाटी सकाळी पुसून नव्याने लिहायला एक ठरलेला माणूस हवा, नाहीतर पाडव्यापर्यंत धनत्रयोदशीचीच तारीख झळकत राहते. सुकामेव्याचे गिफ्ट बॉक्स दुकानातच भरून विकणाऱ्यांचं लेबल तर हमखास अपुरं असतं. भरणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, भरल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी संपर्क: लेबल मंडळाने एकदाच नीट तयार करून घेतलं आणि नावं बदलून छापलं तर सगळ्यांचंच काम होतं.

आता रोषणाई. वर्गणीतला सगळ्यात मोठा वाटा इथे जातो आणि सगळ्यात जास्त बेफिकिरीही इथेच असते.

वीज कुठून घ्यायची हा पहिला प्रश्न. खांबावर आकडा टाकणं ही वीजचोरी, त्यावर चर्चा नको. पण 'आमच्या मीटरवरून घ्या की' असं म्हणणारा दिलदार दुकानदारही अडचणीत येतो: ज्या जागेसाठी जोडणी मंजूर आहे तिच्याबाहेर वीज वापरणं विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतं आणि दुप्पट दराने आकारणी होते. प्रत्येकाने आपल्या दर्शनी भागाची माळ आपल्या मीटरवर लावावी, रस्त्यावरच्या कमानी आणि सामायिक रोषणाई महावितरणच्या तात्पुरत्या जोडणीवर. अर्जाला वेळ लागतो, म्हणूनही पितृपक्ष.

दुसरा प्रश्न वायरचा. समजा पेठ २०० मीटर लांब आहे. दहा वॉटच्या शंभर माळा म्हणजे एक किलोवॅट, शंभर वॉटचे बारा फ्लडलाइट म्हणजे १.२, कमानी आणि ध्वनिक्षेपक धरून आणखी १.३. झाले साडेतीन किलोवॅट, सिंगल फेजवर साधारण १५ अँपिअर. मंडपवाला अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पेठेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढतो, कारण मीटरची पेटी टोकाला असते. त्या वायरमध्ये दर अँपिअरला, दर मीटरला सुमारे १८ मिलिव्होल्ट पडतात. लोड सगळीकडे सारखा पसरलेला धरला तरी शेवटच्या दुकानाला २७ व्होल्ट कमी मिळतात, आणि मग 'आमच्याच बाजूला माळा मिणमिणत्या का' यावरून भांडण. तीच पेटी पेठेच्या मध्यावर बसवून दोन्हीकडे फीड (पुरवठ्याची वायर) नेलं तर घट सात व्होल्टच्या आसपास राहते. वायर तीच, खर्च तोच. अर्ज करतानाच मीटरची जागा मध्यावर मागून घ्यायची, एवढंच.

पेटीत एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) असतोच. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते मात्र स्वतः उघडून पाहा. माणसाला धक्का बसला तर वाचवणारा तो आहे, एमसीबी नव्हे. दोन्ही फीडना वेगळा आरसीसीबी द्या, म्हणजे एका माळेत पाणी गेलं तर अर्धीच पेठ अंधारात जाते. आणि तो सारखा पडतोय म्हणून वायरमनने त्याला वळसा घालून थेट जोडणी दिली तर त्याच रात्री त्याला परत बोलवा. आरसीसीबी पडण्याचं नेहमीचं कारण पावसाचं पाणी गेलेला जोड. परतीचा पाऊस दिवाळीतही गाठतो, त्यामुळे नुसत्या टेपने गुंडाळलेले जोड चालत नाहीत. जोड बंद डबीत, डबीचं तोंड खाली, आणि वायरला डबीआधी खाली झोळ, म्हणजे थेंब तिथूनच गळून पडतो.

दुसरं कारण जास्त धोक्याचं. दोन शेजारी दुकानदार आपापल्या माळा हौसेने एकमेकांना जोडून 'अखंड' करतात. एकाचा पुरवठा एका फेजवर, दुसऱ्याचा दुसऱ्या. दोन फेजच्या तारा एकमेकींना भिडल्या की ४०० व्होल्टच्या घरातला फरक असतो. मग माळच काय, दुकानातला फ्रीजही वाचेल असं सांगता येत नाही. दोन मीटरच्या माळांमध्ये वीतभर तरी मोकळी जागा राहिलीच पाहिजे, दिसायला कितीही तुटक दिसो. कमानी रस्त्यापासून किमान पाच मीटर उंच बांधा, अग्निशमनाची गाडी खालून गेली पाहिजे. बोळाच्या तोंडावर तर कमान नकोच. आणि कमानीच्या कापडाने दुकानांच्या पाट्या झाकू नका. दुकाने व आस्थापना कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानालाही मराठी देवनागरी पाटी लागते, तीही इतर लिपीपेक्षा लहान अक्षरात नाही.

अग्निशामक नळकांडी बहुतेकांकडे आहेत, पण ती कपड्यांच्या गठ्ठ्यांमागे. सहा किलोची एबीसी पावडर असेल तर दाबाच्या मीटरचा काटा हिरव्यात आहे का पाहा आणि नळकांडं एकदा उलटं करून हलवा; वर्षभर उभं राहून पावडर तळाशी घट्ट बसते आणि ऐन वेळी फक्त वायू फुसकन निघून जातो.

कॅमेऱ्यांचा हिशेबही मंडळं डोळे झाकून करतात. विक्रेता 'महिनाभराचं रेकॉर्डिंग' सांगतो. सेकंदाला दोन मेगाबिटवर चालणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे साडेएकवीस जीबी भरतो. आठ कॅमेरे म्हणजे १७३ जीबी; एक टीबीची डिस्क सहा दिवसांत भरून मागचं पुसायला लागते. धनत्रयोदशीची पाकीटमारी तुळशीच्या लग्नाला शोधायची असेल तर चार टीबी तरी हवेत, तेव्हा तेवीस दिवस मिळतात. दुसरी गोष्ट डीव्हीआरचं (चित्रण साठवणाऱ्या पेटीचं) घड्याळ. ते वीस मिनिटं मागे असलं की पोलिसांना दाखवलेलं चित्रण आणि फिर्यादीतली वेळ जुळत नाही. महिन्यातून एकदा मोबाइलशी ताडून पाहायचं काम कुणा एकाच्या नावावर टाका.

फेरीवाल्यांचा विषय दर दिवाळीला तापतो: रांगोळी, पणत्या, कंदीलवाले पायरीपाशी बसतात आणि दुकानदार पालिकेला फोन लावतात. पथविक्रेता कायदा २०१४ नुसार जागा ठरवण्यात नगर पथविक्रेता समितीचा वाटा असतो, आणि तिच्यात व्यापारी संघटनांच्या प्रतिनिधीलाही जागा आहे. ती जागा रिकामी ठेवून रस्त्यावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. माझं मत विचाराल तर पणतीवाल्या बाईंमुळे पेठेत पाऊल पडतं. दोन दुकानांच्या मधल्या भिंतीपाशी, दार मोकळं ठेवून, तीन फुटांच्या खडूच्या चौकटी आखून दिल्या तर दोघांचा धंदा होतो.

गाड्यांचं उत्तर लक्ष्मी रस्त्याकडे पाहून शोधावं. पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करते आणि त्या दिवशी या रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद असतो. असा प्रयोग आपल्याकडे करायचा तर आधी मालाच्या टेम्पोची वेळ ठरवा, सकाळी दहाच्या आत. मग दुचाकी कुठे लावायच्या ती जागा. रस्ता बंद करायचा तो शेवटी. उलट क्रमाने केलं तर दुपारी बारालाच सोन्याचांदीवाले आणि फर्निचरवाले एकमेकांशी भांडत असतात.

पैशाचं थोडक्यात. मंडळ संस्था म्हणून नोंदलेलं असेल तर पदाधिकारी बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहिला की बँक नव्या खजिनदाराची सही घ्यायला कुरकुरते, आणि हे कळतं ते मंडपवाल्याला चेक द्यायच्या दिवशी. नोंदणी नसलेल्या मंडळाने उत्सवाची वर्गणी काढायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क ची परवानगी आधी. वर्गणी दुकानाच्या दर्शनी रुंदीवर लावा. सरसकट सारखी लावली की टपरीवाला देत नाही आणि शोरूमवाला त्याच्याकडे बोट दाखवतो.

रोषणाई उतरवायचे पैसे मंडपवाल्याला चढवतानाच देऊ नका. एक चतुर्थांश रक्कम हातात ठेवा, कारण पाडव्यानंतर तो लग्नाच्या मांडवांना लागतो आणि माळा खांबावर लोंबत राहतात. तात्पुरत्या जोडणीची मुदत लिहून ठेवा, शेवटच्या दिवशी मीटरचं रीडिंग फोटो काढून घ्या आणि अनामत परत मागण्याचा अर्ज त्याच आठवड्यात टाका.