वजीर दे ना!

मे महिन्यातल्या नागपुरात दुपारी एक ते पाच माणसाने करायचं तरी काय? कूलरच्या वाळ्यावर पाणी टपटपतं आणि त्याच्यासमोर पालथी पडून माझी भाची मोबाइलवर बुद्धिबळाची कोडी सोडवते. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने 28 जुलै 2025 ला जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती भारताची 88वी ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासूनचं हे वेड. अकरा वर्षांच्या पोरीला लागलं तर ठीक. मला त्रेपन्नाव्या वर्षी लागलं.

मोबाइलवर मला नीट दिसत नाही. (दिसतं, सुचत नाही.) म्हणून मी जुना लाकडी पट काढते आणि कोडं त्यावर मांडते. एक काळा हत्ती कधीचाच हरवलाय, त्याच्या जागी काळ्या दोऱ्याचं रीळ.

त्या दिवशीचं कोडं असं. (पटावरच्या उभ्या ओळींना ए ते एच अक्षरं, आडव्यांना 1 ते 8 आकडे.) काळा राजा कोपऱ्यात, एच-8 वर. जी-7 आणि एच-7 वर त्याचीच दोन प्यादी. रीळ डी-8 वर. माझा घोडा एच-6 वर, वजीर सी-4 वर. पांढऱ्याची चाल.

मला झटक्यात दिसलं. घोडा एफ-7 वर, शह. राजा जी-8 ला सरकणार. मग घोड्याने उडी मारून रीळ खायचं; घोडा हलला की मागून वजिराचा शह आहेच. हत्ती फुकटात!

मोबाइलने लाल फुली दाखवली.

"मावशी, हत्ती कशाला? सरळ मात आहे न."

मी बसले बघत. चहा गार झाला. संत्रा बर्फीचे रिकामे डबे धुऊन, पुसून, एकात एक घालून ठेवणारी बाई मी. कपाट उघडलं की अंगावर येतात. माझ्या डोक्यात घेण्याच्याच चाली येणार.

"अव मावशी, वजीर दे ना!"

"कोणाला?"

"राजाच्या शेजारी ठेव. जी-8."

हात खरंच उचलेना. ठेवला एकदाचा. राजा त्याला मारू शकत नाही, घोड्याचा जोर आहे. मारायचं तर रिळानेच. रिळाने मारलं, आणि राजाला सरकायला उरलेलं एकुलतं एक घर रिळानेच अडवलं. आता घोडा एफ-7 वर. शह आणि मात. दोन प्यादी, एक रीळ, सगळी घरचीच माणसं, आणि मधे राजा घुसमटलेला. ही युक्ती लुसेना नावाच्या स्पॅनिश माणसाच्या 1497 च्या पुस्तकात आहे म्हणे. म्हणजे बख्त बुलंद शहाने नागपूर वसवलं त्याच्याही दोनशे वर्षं आधीची.

गंमत म्हणजे माझी चाल तशी वाईट नव्हती. खऱ्या डावात मी हत्ती खाल्ला असता, बहुतेक जिंकलेही असते, आणि संध्याकाळी शेजारणीला सांगितलंही असतं. कोडंच तेवढं हट्टी. नुसतं बरं चालत नाही त्याला.

दुसऱ्या दिवशी मात्र मी तयारीत होते. नवं कोडं मांडलं आणि तिसऱ्या सेकंदाला वजीर देऊन मोकळी झाले. एका प्याद्याने तो शांतपणे खाल्ला. लाल फुली.

भाचीने मान वर न करता सांगितलं, "मावशी, आज हत्ती फुकट होता. खायचा होता."