भरतीच्या रेषेवर तीन दिवस

ताई, तिची आठ वर्षांची लेक, मी आणि आमची कुत्री चिंगी, असे तीन दिवस समुद्रावर राहून आलो. चिंगी दोन वर्षांची आहे आणि दिसेल ते आधी तोंडात घेते. असं जनावर घेऊन किनाऱ्यावर निघालेल्यांना आमचा अनुभव कामी यावा म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पहिली संध्याकाळ छान गेली. ओहोटी होती, वाळू घट्ट होती आणि चिंगी पट्ट्याशिवाय मनसोक्त धावली. चेंडू आणताना दरवेळी थोडं खारं पाणी पोटात जात होतं, त्याकडे मी लक्ष दिलं नाही. रात्री तिला दोनदा पाण्यासारखी जुलाब झाली. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. थोडं पाणी गेलं तर जुलाबावर भागतं, पण जास्त गेलं तर रक्तातलं सोडियम वाढून उलट्या, झोकांड्या, झटके इथपर्यंत मजल जाते. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी खेळ थांबवून गोडं पाणी पाजा. झोकांड्या जाऊ लागल्या तर मात्र घरी पाण्याचा मारा करू नका, थेट डॉक्टरकडे न्या. वाढलेलं सोडियम हळूहळूच उतरवावं लागतं. चेंडूऐवजी चपटी तरंगती चकती वापरली तर तोंड कमी उघडतं आणि वाळूही कमी जाते. पोटात बसलेली ओली वाळू आतडं बंद करू शकते.

रात्रीच वारा सुटला आणि मोठं उधाण आलं. सकाळी पाणी जिथवर चढलं होतं तिथे शेवाळ, काटक्या, थर्माकोल आणि मेलेले मासे यांची लांबच लांब ओळ पडली होती. कुत्र्याचं नाक आणि पोरांचे हात नेमके याच ओळीवर वाकतात. भाची शिंपले वेचत होती, मी तिचे फोटो काढत होते. तेवढ्यात चिंगीने काहीतरी मटकावलं. धावत गेले तर तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून वीतभर तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, लोंबत होतं. दुसरं टोक आत, माशात अडकलेल्या गळाला. माझा हात ओढायला पुढे गेलाच होता, ताईने मनगट धरलं आणि डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "ओढू नका आणि कापूही नका. बाहेरचं टोक गळपट्ट्याला चिकटपट्टीने लावा, खायला-प्यायला काही देऊ नका आणि लगेच निघा."

ओढलं असतं तर गळ अन्ननलिकेत रुतला असता. तोंडाशी कापलं असतं तर उरलेला दोरा आत गेला असता आणि डॉक्टरांना धरायला टोकच राहिलं नसतं. एक्स-रेत गळ अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी दिसला. भूल देऊन दुर्बिणीने काढला. शुद्धीवर आल्यावर तिने माझ्या तळव्यावर हनुवटी टेकवली, तेव्हा मला रडू आवरलं नाही.

गळ निदान दिसतो तरी. खरी भीती न दिसणाऱ्या विषाची. केंड मासा, म्हणजे पफरफिश, मेल्यावर, सुकल्यावरही विषारीच राहतो. २००९ साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या आसपासच्या किनाऱ्यांवर कुत्री मरू लागली, तेव्हा एका राखाडी समुद्री गोगलगायीत तेच विष, टेट्रोडोटॉक्सिन, सापडलं. त्यावर उतारा नाही. लवकर पोचलो तर श्वास चालू ठेवून जनावर तगवता येतं, एवढंच. २०१७-१८च्या हिवाळ्यात इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर वादळानंतर वाहून आलेले तारामासे आणि मासे खाऊन कुत्री दगावली. त्यांत स्नायू लुळे पाडणारं विष होतं. वादळानंतरच्या सकाळी तरी पट्टा सोडूच नका, हे मी हात जोडून सांगते. मेलेल्या जेलीफिशचे दंशही जिवंत असतात. मेणासारखे पांढुरके गोळे दिसले तर ते जहाजांतून सांडलेलं पामतेल असू शकतं. कुत्र्यांना त्याची चटक लागते आणि मग स्वादुपिंडाला सूज येते.

निघण्याआधी महिनाभर "सोड"ची सवय पक्की करा. ऐकतच नसेल तर जाळीचं मुसकं घाला. त्यातून धापा टाकता येतात, पाणीही पिता येतं. जवळचा, सुट्टीच्या दिवशीही उघडा असलेला पशुवैद्य आधीच शोधून नंबर साठवा. काही गिळलंच तर त्या वस्तूचा फोटो काढा, जमल्यास उरलेला तुकडा पिशवीत न्या. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घरच्या उपायाने उलटी काढू नका.

या धावपळीत भाचीच्या पिशवीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. रात्री खिडकीपाशी टकटक ऐकू आली. दिवा लावला तर टॉवेलवरून एक शंख चालत होता. आत हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात घर करून राहणारा खेकडा. भाची घाबरली नाही, पण "मी त्याचं घर चोरलं का?" असं विचारून गप्प झाली.

तिला उत्तर द्यायचं म्हणून नियम पाहिले. ते प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत, त्यामुळे जाण्याआधी स्थानिक नियम बघाच. इटलीतल्या सार्डिनियात २०१७च्या कायद्याने वाळू, खडे, शिंपले नेण्यावर दंड आहे. फ्लोरिडातल्या सॅनिबेल बेटावर रिकामे शिंपले चालतात, आत जीव असलेले नाही. भारतात काही शंख आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. सागरी अभयारण्यांत तर बहुतेक ठिकाणी काहीच उचलायचं नसतं. परदेशातून आणताना साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, लागू होतो: राणी शंख १९९२पासून त्यात आहे, महाकाय शिंपले आणि कठीण प्रवाळही आहेत. दुकानातून विकत घेतलं म्हणजे विमानतळावर सुटका होईल असं नाही.

मूठभर शिंपल्यांनी काय होतं, असं मलाही वाटायचं. स्पेनमधल्या एका किनाऱ्यावर संशोधकांनी तीस वर्षांच्या अंतराने शिंपले मोजले. पर्यटक जवळजवळ तिप्पट झाले होते आणि शिंपले निम्म्याहूनही कमी उरले होते. खेकड्यांना घर, शेवाळाला आधार, झिजून पुन्हा वाळू, इतकी कामं त्या रिकाम्या कवचाला असतात.

आणि उचलताना जपा. शंकूच्या आकाराचा सुंदर नक्षीचा कोन शंख आत गोगलगाय जिवंत असेल तर विषारी डंख मारतो, त्याने माणसंही मेली आहेत. इतर कुठलाही शंख उलटा करून, पाण्यात दोन-चार मिनिटं ठेवून बघा. पाय, झाकण, मांस काही दिसलं तर होता तिथेच परत.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पिशवी घेऊन परत गेलो. चिंगी आखूड पट्ट्यावर, मुसकं घालून माझ्या पायाशी. भाचीने एकेक शिंपला ओल्या वाळूत ठेवला आणि शेवटी तो शंख दगडाच्या सावलीत. बराच वेळ काही हललं नाही. मग आधी एक नांगी बाहेर आली, मागून दोन देठावरचे डोळे, आणि तो तिरका तिरका पाण्याकडे निघाला.