चुकीच्या पानावरचा आकडा

रिपोर्टच्या खिडकीशी आवाज चढला, म्हणून मी हातातलं काम टाकून बाहेर आले. साठीच्या काकू शांत उभ्या होत्या. आवाज त्यांच्या मुलाचा होता.

"मॅडम, आईचा कॅन्सरचा मार्कर हजारपट वाढलाय आणि तुमचे लोक रिपोर्ट नुसता हातात ठेवतात?"

हजारपट ऐकून माझ्याही पोटात गोळा आला. नमुन्यांची अदलाबदल तर झाली नाही ना, ही भीती लॅबवाल्यांच्या मानगुटीवर कायम असते. दोन्ही रिपोर्ट घेतले. मार्कर म्हणजे कॅन्सरवर नजर ठेवायला रक्तात मोजतात तो पदार्थ. इथे तो सीईए होता: मागच्या लॅबचा २.४, आमचा २.६. मग हजारपट कुठून आलं? त्याने एककावर बोट ठेवलं: आधी नॅनोग्रॅम, आता मायक्रोग्रॅम. हिशेब बरोबर होता, पण अर्धाच. पुढचं त्याने वाचलंच नव्हतं. आधी प्रति मिलिलिटर होतं, आता प्रति लिटर. वर हजारपट, खालीही हजारपट. आकडा जागच्या जागी.

तो खुर्चीत बसला. काकू मात्र बसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून आलेखाची वही काढली. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासूनचा, दुसऱ्या एका मार्करचा प्रत्येक आकडा त्यात पेन्सिलीने मांडलेला. २१, २३, २०, २२ अशी जवळजवळ आडवी रेषा, आणि शेवटी एकदम ३६.

"याचं एकक तर तेच आहे," काकू म्हणाल्या. "युनिट प्रति मिलिलिटर. मी नीट बघितलंय."

त्यांनी खरंच नीट बघितलं होतं. फक्त चाचणी बदलली होती. आधीचे सगळे आकडे सीए १५-३ चे, आमचा सीए २७.२९ चा. (आकडा ठळक आणि चाचणीचं नाव बारीक छापायची पद्धत कुणी काढली कोण जाणे. आमचाही रिपोर्ट तसाच.) दोन्ही चाचण्या एमयूसी१ या एकाच प्रथिनाचा माग काढतात, पण वेगळ्या अँटिबॉडी वापरून. आणि इथलं युनिट म्हणजे ग्रॅमसारखं वजन नव्हे. ज्या त्या चाचणीने आपल्यापुरतं ठरवलेलं माप. म्हणून त्या लॅबच्या रिपोर्टवर वरची मर्यादा ३०, आमच्यावर ३८. चाचणी एकच असली तरी मशीनची कंपनी बदलली की आकडा थोडा हलतो.

"म्हणजे वाढलेलं नाही ना?"

हो म्हणायचा मोह झाला. "काकू, या दोन कागदांवरून ते कळत नाही. वाढलंय असंही नाही, नाही वाढलं असंही नाही. डॉक्टरांना दोन्ही रिपोर्ट दाखवा. पुन्हा तपासायचं ठरलं तर जुन्याच लॅबमध्ये, तीच चाचणी करा. आणि नुसत्या एका आकड्यावर ते काही ठरवणार नाहीत. लिव्हरच्या साध्या आजारातही हे मार्कर वाढतात. ते तुम्हाला तपासतील, लागलं तर स्कॅन सांगतील."

त्यांनी खोडरबर काढलं. मी हात धरला. "पुसू नका. आकडा खोटा नाही, चुकीच्या पानावर पडलाय."

काकूंनी पान उलटलं. वर चाचणीचं पूर्ण नाव लिहिलं, खाली एकक, मर्यादा, आमच्या लॅबचं नाव. मशीन कोणतं तेही विचारून घेतलं. मग पट्टी लावून ३६ वर एक टिंब दिलं आणि पेन्सिल तशीच धरून थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.