रोजची सायकल आहेच, मग पळायचं कधी?

परवा ऑफिसमधल्या मैत्रिणीनं विचारलं, अगं तू रोज सायकलनं येतेस ना, मग परत पळायला कशाला जातेस, तेवढा व्यायाम बास नाही का? मी तिला उभ्या उभ्या काहीतरी उत्तर दिलं पण ते माझं मलाच पुरेसं वाटलं नाही, म्हणून आज मुलं झोपल्यावर नीट लिहायला बसलेय.

तर आधी माझं गणित सांगते. ऑफिस एका बाजूला ९ किलोमीटर, वाटेत धाकटीला पाळणाघरात सोडायचं, म्हणजे एका खेपेला साधारण ३५ मिनिटं, दोन खेपा, पाच दिवस. आठवड्याची साडेतीनशे मिनिटं नुसत्या सायकलची होतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी जे सांगितलंय ते आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, म्हणजे तब्येतीपुरतं बघितलं तर मैत्रिणीचं बरोबरच आहे, सायकलमध्ये भागतं.

पण दोन कारणांसाठी मला पळणं हवंच आहे. एक म्हणजे हाडं. सायकलवर आपलं वजन सीट, हँडल आणि पायडलवर वाटलं जातं, हाडांना धक्का असा बसतच नाही, आणि हाडांना मजबूत राहायला तो धक्का लागतो. चाळिशी जवळ आलेल्या बाईला हे आत्ताच लक्षात ठेवायला हवं, साठीला नाही. दुसरं कारण जरा वेगळं आहे. सायकल मी कुठेतरी पोचायला चालवते, पाठीवर सॅक, मागे मुलगी, डोळा घड्याळावर. पळताना मला कुठेच पोचायचं नसतं. दिवसभरात फक्त तेवढा अर्धा तास असा असतो की ज्यात मी कुणाचं काही काम करत नसते, आणि तो अर्धा तास मला फार प्रिय आहे.

आता चुकांबद्दल, कारण हेच सांगायला कुणी नव्हतं तेव्हा. दीड वर्ष रोज सायकल चालवून मग मी पळायला सुरुवात केली, आणि दम अजिबात लागेना! तिसऱ्याच आठवड्यात मी ८ किलोमीटर पळून आले, इतका आनंद झाला होता की घरी येऊन दोघा मुलांना उचलून घेतलं. चौथ्या आठवड्यात डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं, आधी पळताना, मग जिना उतरताना, मग नुसतं उभं राहिल्यावरसुद्धा. ज्या फिजिओकडे गेले त्यांनी फार छान समजावलं. म्हणाल्या, तुमचं हृदय आणि फुप्फुसं सायकलनं तयार केलीयत, पण नडगीचं हाड आणि पोटरीचे स्नायुबंध अजून पहिलीत आहेत. पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन ते तीन पट जोर पायावर येतो, मिनिटाला १६० च्या वर पावलं, म्हणजे अर्ध्या तासात पाच हजार वेळा तो दणका. शिवाय सायकलवर स्नायू जोर लावताना आखूड होत जातात, पळताना पाऊल टेकलं की मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकचं काम करतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे पाय ठणकतात ते मुख्यतः या कामानं. दम सुधारायला काही आठवडे पुरतात, हाडं आणि स्नायुबंध मात्र महिनोनमहिने घेतात.

सहा आठवडे पळणं बंद. सायकल चालू ठेवता आली कारण तिनं दुखत नव्हतं. (ज्यांना असं दुखतंय त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, दुखणं नडगीवर लांबवर पसरलेलं असेल ते वेगळं आणि एका बोटानं दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर ते वेगळं, हाडाला बारीक चीर असू शकते, तेव्हा थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.) नंतर एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, एकूण वीस मिनिटं, इथून पुन्हा सुरू केलं. दम न लागता घरी परत यायला फार जड जायचं, पण मी ते पाळलं.

पाय बरा झाल्यावर दुसरी अडचण आली आणि ही खरी आहे, म्हणजे जे लोक दोन्ही करतात त्यांना सगळ्यांनाच येत असणार. मी एक तयार शेड्यूल घेतलं होतं, आठवड्यात चार दिवस पळणं आणि तीन दिवस विश्रांती. आता त्या विश्रांतीच्या दिवशीही मी १८ किलोमीटर सायकल मारत होते, आणि ती साधी नाही, सिग्नल सुटला की उभं राहून पायडल मारायचे, चढाला जड गिअर ठेवायचा, उशीर झालेला असतोच. शेड्यूल लिहिणाऱ्याला हे माहीत नाही, त्याच्या हिशोबात मी त्या दिवशी बसून आहे! दोन महिन्यांत माझी अवस्था अशी झाली की सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजली तर जी ५८ असायची ती ६६ भरायला लागली, झोप लागून मध्येच मोडायची आणि संध्याकाळी मुलांवर विनाकारण आवाज चढायचा. मोठा एकदा हळूच म्हणाला, आई तू हल्ली रागातच घरी येतेस का? ते वाक्य मला फार लागलं.

त्या रात्री मी एक कागद घेऊन आठवड्याची सगळी मिनिटं लिहिली, सायकलचीसुद्धा. साडेतीनशे अधिक पळण्याची दीडशे. पाचशे मिनिटं, आणि त्यातलं एकही मिनिट खरं सावकाश नाही. सायकल माझ्या हिशोबात प्रवास होती, पायांच्या हिशोबात ट्रेनिंग होती, सगळा घोळ एवढाच.

मग सायकल खरोखर हळू केली. हे वाचायला सोपं वाटतं पण मला महिनाभर लागला. हलका गिअर, मिनिटाला ८० ते ९० वेळा पाय फिरतील असा, गुडघ्यावर जोर नाही. माझं मीटर म्हणजे मागच्या सीटवरची धाकटी. ती चार वर्षांची आहे आणि पूर्ण रस्ताभर प्रश्न विचारते, हा ट्रक कुठे चाललाय, त्याला झोप येत नाही का, झाडाला पाणी वरून देतात की खालून, आणि मला पूर्ण वाक्यात उत्तर देता आलं म्हणजे वेग बरोबर आहे. जर मी नुसतं हं हं करत असेन तर मी जोरात चालवतेय. ती मागे नसते तेव्हा मोह होतो, पण तेव्हाही मनातल्या मनात एखादं वाक्य पूर्ण म्हणून बघते.

आणि हळू चालवून तोटा किती होतो बघा. ताशी २२ च्या ऐवजी १८ नं गेलं तर ९ किलोमीटरला साडेपाच मिनिटं जास्त लागतात. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते, म्हणजे १८ वरून २२ वर गेलं की नुसत्या वाऱ्यासाठी जवळजवळ १.८ पट ताकद जाते, साडेपाच मिनिटांसाठी! मी साडेपाच मिनिटं लवकर निघते. विषय संपला.

पळणं चारवरून तीन दिवसांवर आणलं. मंगळवारी पहाटे जोराचं, म्हणजे छोटे छोटे वेगाचे तुकडे, आणि त्याच दिवशी संध्याकाळी जर पायांना वाटलं तर घरी येताना चढाच्या रस्त्यानं यायची मुभा. हे उलटं वाटेल पण जोराचं जोराच्याच दिवशी घालायचं, म्हणजे बुधवार खरा हलका राहतो. आधी मी एक दिवस पळण्यात जोर लावायचे, दुसऱ्या दिवशी सायकलवर, आणि पायांना सुट्टी कधीच मिळायची नाही.

पळायचं ते सायकलच्या आधी, नंतर नाही, हेही माझ्यापुरतं पक्कं झालंय. सायकलवरून उतरून लगेच पळायला लागलं की पहिली दहा मिनिटं पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात. ट्रायथलॉनवाले याचा मुद्दाम सराव करतात कारण त्यांना शर्यतीत तेच करायचं असतं, २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये हा प्रकार पहिल्यांदा आला तेव्हापासून तिथे दीड किलोमीटर पोहणं, मग ४० किलोमीटर सायकल आणि मग १० किलोमीटर पळणं. मला तशी शर्यत करायची नाहीये, त्यामुळे मी माझे ताजे पाय पळण्याला देते, सायकलला दमलेले पायही चालतात.

गुरुवारी मोठ्याचा खेळाचा क्लास असतो तासभर. आधी मी तिथे बाकावर फोन बघत बसायचे. आता त्याच ग्राउंडच्या कडेनं गोल गोल, अगदी सावकाश, ३५ मिनिटं. पहिल्या दिवशी बाकीच्या आईबाबांसमोर पळायला संकोच वाटला होता, आता त्यातले दोघं माझ्याबरोबर चालायला येतात.

आणि रविवार, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय. रविवारी मोठा माझ्याबरोबर सायकल घेऊन येतो. तो नऊ वर्षांचा आहे, त्याची सायकल छोटी, बिनगिअरची. माझा सावकाश पळायचा वेग किलोमीटरला सात मिनिटं, म्हणजे ताशी साडेआठ, आणि त्याचा आरामात सायकल चालवायचा वेग जवळपास तेवढाच निघाला, हे आम्हाला अपघातानंच कळलं. सपाट रस्त्यावर आम्ही शेजारी शेजारी, चढ आला की तो उभा राहून पायडल मारतो आणि मागे पडतो, उतार आला की सुसाट पुढे जाऊन वळणावर एक पाय टेकवून माझी वाट बघतो. समोरासमोर बसून विचारलं की शाळेत काय झालं, तर काही नाही एवढंच उत्तर मिळतं. पण दोघांचीही तोंडं रस्त्याकडे असली की तो आपोआप बोलायला लागतो, कोण कुणाशी बोलत नाहीये, कोणत्या तासाला भीती वाटते. त्यातलं बरंचसं मला घरी कधीच कळलं नसतं.

मागच्या महिन्यात चौथ्या किलोमीटरला त्याची चेन पडली. मी पटकन बसवून देणार होते, तो म्हणाला थांब मी करतो. मागचं चाक उचलून धरायचं काम मला दिलं, चेन खालून पुढच्या चक्राच्या दात्यांवर टेकवली आणि पायडल हातानं उलटं फिरवायला लागला. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा टक् टक् करत बसली. दहा मिनिटं गेली, माझं अंग गार पडलं, हात दोघांचेही काळे. त्या दिवशी ठरलेले ८ काही झाले नाहीत, साडेपाचच झाले, आणि मला त्याची जराही हळहळ वाटली नाही.

गुडघ्याबद्दल थोडं. मध्ये उजवा गुडघा पुढून दुखायला लागला आणि मी अर्थातच पळण्याला दोष दिला, पंधरा दिवस पळणं कमी केलं, फरक शून्य. मग लक्षात आलं की सायकलची सीट बोल्ट ढिला होऊन हळूहळू दोनेक सेंटीमीटर खाली आलीय. सीट खाली असली की गुडघा प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडतो आणि वाटीमागे दाब येतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची, पायडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हायला हवा, मग चवडा ठेवला की गुडघ्याला आपोआप हलकासा बाक राहतो. सीट वर केली आणि दहा दिवसांत दुखणं गेलं. आता दांड्यावर टेपची खूण करून ठेवलीय.

व्यायाम म्हणून वेगळं काही करायला वेळ नसतो, पण दात घासताना टाचा उचलणं, एका पायावर पंधरा, मग दुसऱ्या, हे मी सोडत नाही, माझी नडगी त्यानंतर परत दुखलेली नाही. आणि ऑफिसमध्ये बसून, सायकलवर बसून खुब्याचा पुढचा भाग आखडतो, त्यामुळे पळायच्या आधी तीन-चार मिनिटं पाय पुढे-मागे झुलवून घेते.

घरात कुणाची वेळ कोणती हे स्पष्ट ठरवलंय. मंगळवार पहाट माझी, बुधवार आणि शनिवार नवऱ्याचे. त्या वेळी दुसऱ्यानं उठायचं, मूल रडलं तरी. आधी मी निघताना दरवेळी विचारायचे, अरे मी जाऊन येऊ का? आता विचारत नाही, तोही विचारत नाही, आणि आमची भांडणं त्यानं खरंच कमी झाली.

मुलं आजारी पडली की मात्र सगळं बाजूला. तेव्हा पळणं जातं, सायकल राहते, कारण ऑफिस गाठायचंच असतं. बुडालेलं पळणं मी भरून काढत नाही. एका आठवड्यानं दम काही जात नाही, त्यातून सायकल तो धरून ठेवतेच. परत सुरू करताना पहिलं पळणं छोटं ठेवते, दमासाठी नाही, नडगीसाठी. पाच तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर जोराचं काही नाही, मग शेड्यूलमध्ये काहीही लिहिलेलं असो.

उद्या गुरुवार. धाकटीला सर्दी झालीय, दोन रात्री तिला उभी धरून झोपवतेय, त्यामुळे उद्या ग्राउंडवर मी चालणाऱ्यांच्या बरोबर आहे. शूज तेवढे बॅगेत भरून ठेवलेत.